तिने भरलेली कॅसेट

ही गोष्ट खरी आहे. कुणी विश्वास ठेवला काय, न ठेवला काय, अण्णांना आता त्याचं काही नाही.

आणि रात्र वगैरे नव्हती. रविवारची भर दुपार होती. स्वयंपाकघरातलं टेबल, त्यावर जुनं फडकं, बाहेर लख्ख ऊन.

अण्णांनी जन्मभर ट्रक चालवला. लांबच्या फेऱ्या. दर फेरीला बायको कॅसेट भरून द्यायची. घरातलं सगळं सांगायची. मध्येच विचारायची, "ऐकताय ना?" आणि क्षणभर थांबायची. अण्णा केबिनमध्ये कानाला हेडफोन लावून मोठ्याने म्हणायचे, "ऐकतोय गं!"

क्लीनर खो खो हसायचा.

घरातून निघताना मात्र तिचा एक नियम होता. "जातो म्हणायचं नाही. येतो म्हणायचं." अण्णांनी तो कधी मोडला नाही.

ती गेली, तेव्हा एकच कॅसेट उरली होती. ती ऐकायचा कॅसेट-प्लेअर केव्हाच बंद पडलेला.

म्हणून अण्णा दुरुस्ती शिकायला लागले. बाजारातून मोडके प्लेअर आणायचे, उघडायचे, बोटं भाजून घ्यायचे. कोपऱ्यावरचा रेडिओवाला चिडवायचा, "अण्णा, हे स्टिअरिंग नाही हो, जरा हळू!"

पण त्याने एक गोष्ट बजावून सांगितली होती. "मोटरचा नवीन पट्टा टाकला की आधी रद्दी कॅसेट लावायची. जी गेली तरी डोळ्यांत पाणी येणार नाही, अशी."

अण्णांनी ऐकलं नाही.

वेग जुळवायला ओळखीचा आवाज लागतो. अण्णांना पाठ असलेला आवाज एकच होता.

बटण दाबलं. आधी आवाज जाडा आला, पुरुषासारखा. त्यांनी मोटरमागचा स्क्रू जरासा फिरवला. मग बारीक झाला, पोरीसारखा. आणखी जरासा फिरवला...

तीच!

"...नळ पुन्हा गळायला लागलाय. तुम्ही आल्याशिवाय काही खरं नाही. ऐकताय ना?"

"ऐकतोय गं," अण्णा म्हणाले. "घर खायला उठतं तुझ्याशिवाय."

टेप फिरत राहिली... बायको या वेळी पूर्वीपेक्षा जास्त वेळ थांबली.

अण्णांनी टेप मागे घेतली. पुन्हा लावली.

नळाचं बोलणं नव्हतं. त्या जागी होता... त्यांचाच आवाज.

"घर खायला उठतं तुझ्याशिवाय."

रेडिओवाल्याने प्लेअर उलटासुलटा करून पाहिला. "थट्टा करता काय अण्णा? याला माइकच नाही. हा फक्त वाजवतो. आणि कॅसेटच्या खिट्ट्याही तोडलेल्या आहेत. हिच्यावर काही भरताच येणार नाही."

खिट्ट्या तिनेच तोडल्या होत्या. म्हणाली होती, "नाहीतर माझ्यावर गाणी भराल."

लेकीने मोबाइलवर आवाज उतरवून घ्यायचा प्रयत्न केला. मोबाइलमध्ये नुसती मोटरची घरघर आली.

"बाबा, ऐकायचं तर तोंड मिटून ऐका," ती म्हणाली. "तुम्ही बोललात की आई पुसली जाते."

पुढच्या वेळी अण्णांनी तोंडात रुमाल कोंबला.

"ऐकताय ना?"

अण्णा गप्प.

"अहो... ऐकताय ना?"

दुसऱ्यांदा तिने कधीच विचारलं नव्हतं.

अण्णांनी रुमाल दातांनी आवळला. टेप फिरत होती...

"रागावलात का?"

आता कसं गप्प बसायचं? चाळीस वर्षांचा संसार! अण्णांनी रुमाल काढला आणि बोलत सुटले. रडले, हसले, नळ दुरुस्त केल्याचंही सांगितलं. कॅसेट संपली तेव्हाच थांबले.

संध्याकाळी लेकीने कॅसेट ऐकली. पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त अण्णा. आईचा एक शब्द उरला नव्हता.

नाही... एक उरला होता.

अण्णांच्या प्रत्येक वाक्यामागे, अगदी हळू... "हं."

स्वयंपाक करता करता आई असाच हुंकार द्यायची.

अगदी शेवटी, जिथे अण्णा बोलून थांबले होते, तिथे त्यांचाच आवाज आणखी एक वाक्य बोलला. शांतपणे.

"बरं... जातो मी."

"बाबा, असं का म्हणालात?"

"मी नाही म्हणालो," अण्णा म्हणाले.

आणि त्या वाक्यामागे हुंकार नव्हता. तिचा स्वच्छ आवाज होता.

"या."

लेकीने सेल काढून टाकले. प्लेअर कपाटात, कॅसेट आपल्या पर्समध्ये.

अण्णा आजही रोज खाली फिरायला जातात. पण दारातून बाहेर पडताना आता काहीच बोलत नाहीत. "येतो" म्हणायला तोंड उघडतात, तिचं "या" आठवतं...

आणि मिटून घेतात.