कंठाखाली दोन बोटे

निसणगडाच्या पूर्वकड्यावर तांबडे फुटले, खालच्या खोऱ्यात पसरलेल्या मोगली छावणीचे तंबू एकेक करून धुक्यातून वर आले, नगारखान्यात नौबत झडली, आणि महादरवाजावरचे साठ पहारेकरी रोजच्याप्रमाणे माना वर करून किल्लेदाराच्या आरोळीची वाट पाहू लागले. पण त्या दिवशी आरोळी आली नाही.

या गडाची रीत जुनी आणि कडक होती. किल्लेदाराने रोज सकाळी दरवाजाच्या बुरुजावर उभे राहून स्वतःच्या मुखाने त्या दिवसाचा परवलीचा शब्द पुकारायचा, आणि दरवाजाचा हुकूमही त्याच आवाजात द्यायचा. लागोपाठ तीन सकाळी आरोळी आली नाही, तर किल्ल्या आणि शिक्का सबनिसाच्या स्वाधीन व्हायचे. ज्याने ही रीत घालून दिली त्याला शूर माणूस कळत होता, माणसाचा घसा मात्र कळत नव्हता.

आणि सबनीस होता यादोपंत. वेढ्याला चार महिने झाले तरी गडावरचा दाणागोटा संपला नव्हता, दारूगोळा संपला नव्हता. संपले होते ते या गृहस्थाचे इमान. खालच्या छावणीशी त्याचा करार ठरला होता: किल्ल्या हाती येतील त्याच सकाळी दरवाजा उघडायचा, आणि बदल्यात पाच गावांची जहागीर घ्यायची. असल्या माणसाला मुत्सद्दी म्हणण्याची पद्धत आहे. आपण त्याला हरामखोर म्हणू.

किल्लेदार हैबतराव त्या वेळी सदरेवर बसले होते, कारण आडवे झाले की श्वास कोंडत होता. आठ दिवसांपूर्वी घशात गळू धरले. वैद्यांनी लेप घातले, काढे पाजले, आणि गळू आतल्या आत वाढत जाऊन आज श्वासाची वाट बुजवून बसले होते. ओठ निळे पडले होते. प्रत्येक श्वासाला ओल्या लाकडात करवत चालावी तसा आवाज येत होता. वैद्यांनी नाडी सोडली आणि यादोपंताकडे पाहून मान हलवली.

"दुपारपर्यंत," वैद्य पुटपुटले.

"शिव शिव!" यादोपंताने उपरण्याने कोरडेच डोळे टिपले.

तेवढ्यात पागेकडून सटवा साळोत्री वर आला. गडावरच्या घोड्यांचा हा वैद्य, आणि हैबतरावांचा उघड वैरी. दोन वर्षांपूर्वी किल्लेदारांच्या लाडक्या घोडीला, हरणीला, असेच घशात गळू होऊन तिचा श्वास कोंडला, तेव्हा तिची श्वासनळी फोडून तीत नळी बसवायला सटवा पाते घेऊन पुढे झाला होता. हैबतरावांना तो खून वाटला. त्यांनी त्याचा हात धरला, घोडी तडफडून मेली, आणि घोडीवर हत्यार उपसले म्हणून सटवाच्या उघड्या पाठीवर चाळीस कोरडे ओढले गेले.

"सरकारांचा गळा मला कापू द्या," सटवा म्हणाला.

सदरेवर तलवारी उपसल्या गेल्या. दरवाजाचा हवालदार मानाजी ओरडला, "सूड घ्यायला आलास, काळतोंड्या?"

"सूड घ्यायचा असता तर पागेत बसून राहिलो असतो, हवालदार. दुपारपर्यंत आपोआप मिळाला असता." सटवा तसूभरही हलला नाही. "गळ्यात वाटा दोन. अन्नाची मागं, वाऱ्याची पुढं, कातडीखालीच, कुरकुरीत कड्यांची. गळू वर आहे. कंठमण्याखाली दोन बोटं सोडून भोक पाडलं की वारा थेट छातीत जातो. घोड्यांवर सात वेळा केलंय. पाच जगले."

"आणि माणसांवर?" यादोपंताने विचारले.

"एकदाही नाही."

यादोपंताने मनातल्या मनात हिशेब मांडला. किल्लेदार सटवाच्या पात्याखाली मेला, तर त्याच्या मरणाचा डाग सटवाला लागेल आणि निष्ठेचे श्रेय आपल्याला. तो गहिवरून म्हणाला, "मानाजीराव, स्वामींचे प्राण वाचत असतील तर आम्ही आड येणार नाही. सटवाजी, काय हवे ते मागा."

"पोकळ नळी हवी. तुमच्या कलमदानातला कोरा बोरू द्या."

यादोपंताने स्वतःच्या हाताने बोरू काढून दिला. आयुष्यात त्याने केलेले हे एकच सत्कृत्य, आणि तेही चुकून.

परवानगी द्यायची ती मात्र हैबतरावांनी. त्यांनी लाल झालेले डोळे उघडले आणि समोरच्या माणसाकडे पाहिले, ज्याची पाठ त्यांनी फोडली होती. वाचा नव्हती. त्यांनी सटवाचे मनगट धरले, त्याच्या हातातले पाते स्वतःच्या गळ्याशी आणले आणि मान मागे टाकली. रणात छातीवर वार झेलणारे पुष्कळ झाले. वैऱ्याच्या हाती उघडा गळा देऊन डोळे मिटायला वेगळे धैर्य लागते, आणि ते हैबतरावांपाशी होते हे कबूल केले पाहिजे.

सटवाने दोन बोटे मोजली. कातडी उभी चिरली, कड्या चाचपल्या, दोन कड्यांच्या मध्ये टोक दाबले. फस्सकन वारा सुटला, रक्ताचे शिंतोडे उडाले, मानाजीची तलवार सटवाच्या मानेला टेकली. सटवाने तिकडे पाहिलेही नाही. त्याने बोरू आत सरकवला. क्षणभर काहीच झाले नाही. मग हैबतरावांची छाती भात्यासारखी वर आली, आणि ओठांवरचा निळा रंग हळूहळू उतरला.

त्याबरोबर यादोपंताचा चेहराही उतरला. पण लवकरच तो सावरला, कारण किल्लेदार जगला तरी मुका झाला होता. श्वास बोरूतूनच आत जाई, बोरूतूनच बाहेर येई. पहिली सकाळ अशी गेली. दुसरी सकाळही मुकीच गेली. त्या दिवशी दुपारी गळू फुटले, सटवाने त्यांना पालथे धरून सगळा पू बाहेर काढला, आणि मग सांगितले, "आता वरची वाट मोकळी आहे. बोरूवर बोट ठेवलं की वारा त्या वाटेनं जाईल. घोडा असा खिंकाळतो. माणसाचं मला ठाऊक नाही."

तिसऱ्या सकाळी नौबत झडली तेव्हा यादोपंत दरवाजापाशी हजर होता. "मानाजीराव, रीत म्हणजे रीत. किल्ल्या आमच्या हवाली कराव्या."

"किल्लेदार वर येत आहेत, पंत."

"गळा कापलेल्या माणसाला वाचा कुठली?"

हैबतराव सटवाच्या खांद्याचा आधार घेत बुरुजावर चढले. गळ्यात रोवलेला बोरू पाहून पहारेकऱ्यांनी नजरा वळवल्या. हैबतरावांनी खाली पाहिले. ज्या कारवीच्या झाडीत चार महिन्यांत शत्रूचे कुत्रेही फिरकले नव्हते, तिथे दरवाजाच्या अगदी तोंडाशी पोलादाच्या टोप्या चमकत होत्या. मग त्यांनी किल्ल्यांसाठी पसरलेला यादोपंताचा हात पाहिला, आणि सगळे समजले.

त्यांनी बोरूतून श्वास भरून घेतला आणि त्यावर बोट दाबले. नुसती घरघर आली. खाली यादोपंत हसला. हैबतरावांनी पुन्हा छाती भरली, पुन्हा बोट दाबले, आणि फाटक्या, अनोळखी आवाजात शब्द फुटला,

"हरणी!"

सटवाचा खांदा त्यांच्या हाताखाली थरारला.

"दरवाजा बंदच ठेवा! धोंडे सोडा! पंताला धरा!"

साठ कंठांतून "हरणी" हा परवलीचा शब्द गडभर गेला. धोंडे सुटले, झाडीतले दोनशे मोगल तिथेच चेंगरले, आणि पंधरवड्यात वेढा उठला. यादोपंताचा कडेलोट झाला. त्याच्यासाठी रडल्याचे कोणी सांगत नाही.

महिन्याने बोरू निघाला, जखम भरली. हैबतरावांनी सदरेवर सोन्याचे कडे दिले, ते सटवाने घेतले आणि तोंडदेखला मुजरा केला. त्या संध्याकाळी किल्लेदार एकटेच पागेत आले. सटवा एका शिंगराला खरारा करत होता. अंगरखा काढून ठेवल्यामुळे त्याच्या पाठीवरचे चाळीस वळ उघडे होते.

"सटवा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "त्या दिवशी मी तुझा हात धरला नसता, तर हरणी..."

सटवाने खरारा थांबवला नाही.

"जगली असती, सरकार."

हैबतरावांना काही बोलायचे होते. सवयीने त्यांचे बोट गळ्याकडे गेले आणि बुजलेल्या व्रणावर दाबून राहिले.