आत ओढलेला श्वास

कार्निव्हलच्या सोमवारी हिल्ट्रूड जॅमचे डोनट आणायला म्हणून घराबाहेर पडली. मिरवणूक बघायची नाही, असं तिने ठरवलं होतं. माइनराडला, तिच्या नवऱ्याला, जाऊन जेमतेम एक हिवाळा होत होता. पण बेकरीतून बाहेर येईपर्यंत बाजाराच्या रस्त्यावर माणसांची भिंत उभी राहिली आणि ती अडकली. शेजारच्या अपोलोनियाने तिला दंडाला धरून जवळ ओढलं.

"उभी राहा गं इथेच. घरी जाऊन त्या पेटीकडेच बघत बसणार ना?"

पेटीत माइनराडचा सोंगाचा पोशाख होता आणि त्यावर त्याचा लाकडी मुखवटा. त्या गावात मुखवटे बापाकडून मुलाकडे येतात. माणूस गेला की वर्षभर त्याचा मुखवटा कोणी चढवत नाही. पोशाखावरच्या घंटांना चिंध्या बांधून त्या मुक्या करतात. तिनेही बांधल्या होत्या, स्वयंपाकघरातला निळ्या चौकड्यांचा पडदा फाडून. धाकट्या दिराने, बुर्खार्टने, मुखवटा मागितला होता. "पडून राहिलं की लाकूड तडकतं," म्हणाला. तिने दिला नाही. पेटीची किल्ली तेव्हापासून तिच्या गळ्यात होती.

मागणीपेक्षा जास्त तिला खटकत होती ती बुर्खार्टची हकीकत. दोघे भाऊ शेडमध्ये मिरवणुकीचा रथ उभारत होते. माइनराड शिडीवरून पडून मेला तेव्हा आपण जेवायला घरी गेलो होतो, असं बुर्खार्ट सांगे. दर वेळी अगदी त्याच शब्दांत.

बँड वाजत आला. त्याच्या मागे तोच रथ, कागदाच्या लगद्याचा घराएवढा कोंबडा. कोंबड्याच्या पायाशी बुर्खार्ट उघड्या चेहऱ्याने उभा राहून लोकांवर गोड गोळ्या उधळत होता. रथाभोवती घंटा खणखणवत मुखवटेवाले नाचत होते. मधूनच गर्दीत घुसून ते ओळखीच्या माणसाला गाठत आणि त्याची वर्षभरातली गुपितं फोडत. आवाज ओळखू येऊ नये म्हणून हे लोक श्वास आत ओढत बोलतात. शब्द घशातून उलटे घासत आल्यासारखे वाटतात.

"अपोलोनिया!" एक मुखवटा किंचाळला. "पाद्रीबाबांच्या केकमध्ये साखर घालायला विसरलीस!"

"मग? वजन कमी करायला सांगितलंय डॉक्टरने त्यांना!"

"कबूल! कबूल!" आजूबाजूचे लोक ओरडले. तिने जीभ चावली. अशा वेळी नुसतं हसायचं असतं. ज्याने उत्तर दिलं त्याने कबूल केलं, असं सगळं गाव धरून चालतं.

त्या गोंगाटात एक जण अजिबात आवाज न करता चालत आला. त्याच्या घंटांवर चिंध्या होत्या. निळ्या चौकड्यांच्या.

"दुखवट्यातला पोशाख घालून कोण गं हा निर्लज्ज?" अपोलोनिया पुटपुटली.

मुखवट्याच्या डाव्या गालावर एक चीर होती, गोंदाने सांधलेली. सांधताना माइनराडने गोंद जास्त लावला होता. त्याचा ओघळ हनुवटीपर्यंत आला होता. हिल्ट्रूडचा हात गळ्याकडे गेला. किल्ली जागेवर होती. बुर्खार्ट तर रथावर दिसत होता. मग त्याने मुखवटा चढवला तरी कुणाला? दुसरी किल्ली करून घेतली की काय?

तो तिच्यासमोर वाकला. थंडी अशी होती की प्रत्येक मुखवट्याच्या तोंडातून वाफा निघत होत्या. या तोंडातून काहीच निघत नव्हतं.

"हिल्ट्रूड... बुर्खार्टला काही विचारू नकोस... तो आपणहून सांगेल."

प्रत्येक शब्द आत ओढलेल्या श्वासावर आला. तो श्वास बाहेर सोडेल म्हणून ती वाट बघत राहिली. तो फक्त आत ओढत होता.

मग तो रथाकडे गेला, पायरीवर चढला आणि बुर्खार्टच्या कानाशी लागला. बुर्खार्टच्या ओठांवरचं हसू तसंच राहिलं, डोळ्यांतलं गेलं. गोळ्यांची टोपली टाकून त्याने उडी मारली आणि माणसांना ढकलत तो थेट हिल्ट्रूडपाशी आला. मुखवटा तोवर बाकीच्यांत मिसळून गेला होता.

"किल्ली कुणाला दिलीस?" तो दबल्या आवाजात म्हणाला.

"कुणालाच नाही. तू दिलीस का?"

"मी? माझ्याकडे कुठली? तूच पढवून पाठवलंस त्याला."

"तो म्हणाला काय तुला?"

"काहीही बरळत होता! मी शिडी सोडली नव्हती... म्हणजे सोडली, पण क्षणभरच. पाना खाली पडला, तो उचलायला..."

अपोलोनियाचा डोनट तोंडाशीच थांबला. या वेळी "कबूल" असं कोणी ओरडलं नाही.

"तू तर जेवायला गेला होतास," हिल्ट्रूड म्हणाली.

बुर्खार्टने तिच्या गळ्यातल्या किल्लीकडे बघितलं. म्हणाला, "पेटी उघडून दाखव मला. आत्ताच्या आत्ता."

हिल्ट्रूडच्या घरी वरच्या खोलीत शेगडी पेटवलेली नव्हती. भरदुपारचं ऊन खिडकीच्या काचेवरच्या हिमात अडकून पडलं होतं. दोघांच्या तोंडातून वाफ येत होती. कुलूप जसंच्या तसं होतं. तिने किल्ली फिरवली, झाकण उचललं.

मुखवटा आत होता. घडी घातलेल्या पोशाखावर, तिने ठेवला होता तसाच. चिंध्यांच्या गाठी तिच्याच हातच्या होत्या.

बुर्खार्ट हसला. "बघ! कोणीतरी नक्कल करून घेतलीय. आपली चेष्टा केली, दुसरं काय!"

"आणि शिडीचं? ते त्याला कोणी सांगितलं?"

त्याने खांदे उडवले.

"पाना उचलायला सोडलीस," ती म्हणाली. "की सोडल्यावर पाना उचललास?"

उत्तर द्यायला त्याने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. हिल्ट्रूडनेही श्वास रोखला. दोघांच्या मधली वाफ विरली. हवा स्वच्छ झाली.

तेव्हा मुखवट्याच्या ओठांमधून पांढरी वाफ बाहेर आली. सावकाश, खूप लांब. कधीपासून साठवलेलं काहीतरी कोणी सोडून द्यावं तशी. त्या वाफेला शेडमधल्या ओल्या रंगाचा वास होता.

"झाकण लाव," बुर्खार्ट कुजबुजला. "हिल्ट्रूड... लाव ना."

तिने झाकणावरचा हात काढून घेतला. वाफ पातळ होत गेली, संपली. आता तो श्वास आत ओढून बोलणार होता.