न म्हटलेला कट

कमी बजेटच्या सिनेमात संकलकालाच क्लॅपही मारावी लागते आणि चहाही सांगावा लागतो. भयपट जोडून जोडून मला भीती वाटेनाशी झाली होती. पाठ तेवढी दुखायची.

दिग्दर्शक माझ्याहून बराच लहान, हुशार, आणि नाव कमावण्यासाठी हपापलेला. नायिका स्वतःच्या लेकीला न ओळखणारी बाई करत होती. शेवटच्या शॉटला ती दारात उभी राहिली आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे अशा कोऱ्या नजरेनं बघत राहिली, की दिग्दर्शकाला 'कट' म्हणवेना. मेमरी कार्ड भरून कॅमेरा आपोआप थांबला. यानं हातानंच आवरायची खूण केली. दिग्दर्शकानं 'कट' म्हटल्याशिवाय नटानं भूमिका सोडायची नाही, हा आमच्याकडचा अगदी बाळबोध नियम. पण सगळे दमलेले, जो तो घरी पळायच्या बेतात. कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तो शॉट उघडला. कार्ड जिथे भरलं होतं, तिथे तो संपला नाही. नायिका तिच्या खऱ्या घरी पोचली होती. स्वयंपाकघरात दूध उतू जात होतं, आणि तिची लेक तिचा हात धरून तिला गॅसकडे ओढत होती.

"तू कोणाची गं?" नायिकेनं विचारलं.

कोणीतरी माझी थट्टा करतंय असं आधी वाटलं. संगणक बंद करून पुन्हा चालू केला. जेवून आले, तर शॉट आणखी लांबलेला. आता ती मुलगी गादीवर एकटीच बसून रडत होती.

दिग्दर्शकाला दाखवलं. घाबरेल असं वाटलं होतं, पण तो खुर्ची ओढून पडद्याला नाक लावून बसला.

"ताई, तो खिडकीतला उजेड बघ! असा मला जन्मात लावता आला नसता."

"अरे, ती खरंच पोरीला ओळखत नाहीये. फोन कर आणि कट म्हणून टाक."

"म्हणतो ना. दोन-चार सीन तर मिळू देत."

"माणूस आहेस की कोण?"

"फुकटात सिनेमा होतोय, ताई. उगाच माझं डोकं खाऊ नकोस."

त्याच्याशी भांडायला हवं होतं. अंगात त्राण नव्हतं, म्हणून चहा सांगितला.

आणखी एक दिवस गेला आणि नायिकेचा नवरा तिला हाताला धरून आमच्या संकलनाच्या खोलीत आला. पाठोपाठ मुलगी. त्यानं दाढी केली नव्हती, शर्टाची बटणं वरखाली लागली होती.

"साहेब, ही म्हणते अजून कट झालं नाही. मी म्हणून बघितलं, पोरीनं म्हणून बघितलं. म्हणते, तुम्ही म्हणून चालत नाही." त्यानं हात जोडले. "एक शब्द बोला. पोर दोन दिवस जेवली नाही हो."

दिग्दर्शकानं तोंड उघडलं.

तेवढ्यात त्याची नजर पडद्यावर गेली. पडद्यावर आमचीच खोली होती. हात जोडलेला नवरा, खुर्चीत मी, दाराशी नायिका, आणि हळूहळू तिच्याकडे सरकणारी मुलगी. खोलीत कॅमेरा नव्हता.

"काय फ्रेम आहे," तो पुटपुटला.

"कट म्हण!" मी त्याचा दंड धरला.

त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

"कट!" मीच ओरडले. "कट, कट!"

नायिकेनं पापणीही हलवली नाही.

मुलगी चालत चालत आईपाशी पोचली आणि तिच्या शेजारी, तिच्यासारखीच ताठ उभी राहिली. तिचं रडणं थांबलं होतं.

नवरा गुडघ्यांवर बसला. "चल बाळा, आपण घरी जाऊ."

तिनं त्याच्याकडे नीट निरखून बघितलं. मग अनोळखी माणसाशी बोलावं तसं, अगदी शहाण्यासारखं विचारलं,

"काका, तुम्ही का रडताय?"