उजळ कर

आठ लालचुटूक मासे पाच दिवसांत पांढुरके कसे पडले, हे कोडं सुटलं तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. पण मला इतकी लाज वाटली, की तोंड कुठे लपवू असं झालं.

मासे उल्काने दिले होते. आम्ही एका बाकावर बसतो. चेरी बार्ब जातीचे, बोटाच्या दोन पेरांएवढे ते मासे तिने अंड्यांपासून वाढवले होते. विज्ञान-प्रदर्शनात मी ते मांडणार होते. आमच्या टाकीची देखभाल खंड्या करतो. खंड्या म्हणजे आमचा निळा यंत्रमानव, चोचीसारख्या लांब हाताचा. "खंड्या, माशांचा रंग उजळ कर," असं सांगून मी सहलीला गेले.

परत येऊन बघते तर टाकी चकाचक! तळाला पांढरीशुभ्र वाळू, वर डोळे दिपवणारे दिवे, आणि मासे मात्र फिके, कोपऱ्यात दाटीने उभे. दुसऱ्या दिवशी भर वर्गात मी उल्काला म्हणाले, "रोगट मासे दिलेस. फसवलंस मला!"

तिने एवढंच विचारलं, "जिवंत आहेत ना?"

संध्याकाळी आबांनी टाकीत डोकावून पाहिलं. आबा म्हणजे माझे आजोबा. त्यांचा जन्म माशांच्या संशोधनात गेला.

"शाल्मली, यांना काही आजार नाही. माशाच्या कातडीत रंगपेशी असतात (रंगाचे बारीक कण भरलेल्या पेशी). तळ पांढरा आणि उजेड प्रखर असला की मासा घाबरतो. शत्रूला दिसू नये म्हणून ते कण पेशीच्या मधोमध गोळा होतात. चिमूटभर रांगोळी एका जागी ठेवली तर ठिपकाच दिसणार ना?"

"म्हणजे रंग गेला नाही?"

"आवरून ठेवलाय. तळ गडद कर, लपायला झाडं लाव, दिवे मंद कर. कण पुन्हा पसरतील. पण लाल रंग मासा स्वतः तयार करू शकत नाही, तो खाण्यातून येतो. त्यासाठी कॅरोटिनॉइड लागतं (गाजराला नारिंगी करणारं द्रव्य). उल्का यांना काय खायला घालायची?"

मला माहीतच नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

"आणि खंड्या, ही पांढरी वाळू कुणी घालायला सांगितली?"

"शाल्मलीताईने. उजळ कर म्हणाली. उजळ म्हणजे काय ते मी या घरातच शिकलो. काकांसाठी स्थळं बघताना पमाआत्या म्हणतात, 'मुलगी उजळ हवी, काळीसावळी नको.' म्हणजे उजळ म्हणजे पांढरं. मासे पांढरे कसे होतात ते मी शोधलं आणि तसं केलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उल्का सावळी आहे. आत्या हे बोलत होती तेव्हा ती माझ्या शेजारी पोहे खात बसली होती. आणि मी हसले होते.

दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात, सगळ्यांसमोर मी उभी राहिले. "मासे चांगले होते. चूक माझी होती. आणि त्या दिवशी पोहे खाताना मी हसले, तीही माझी चूकच."

उल्काने वही मिटली आणि म्हणाली, "कोळंबीची अगदी बारीक पिल्लं घालते मी. आज घेऊन येते. आधी मासे बघू दे, तुझ्याशी नंतर बोलीन."

ती रोज येऊ लागली. काळी वाळू आली, शेवाळ आलं. पहिल्या दोन दिवसांत मासे कोपरा सोडून हिंडू लागले. तिसऱ्या आठवड्यात असे लाल झाले, की प्रदर्शन होऊन गेल्याचं मला दुःखच राहिलं नाही. उल्काही बोलू लागली होती.

एकदा आम्ही टाकीसमोर बसलो असताना आत्या फोनवर म्हणाली, "बाकी सगळं ठीक आहे हो, पण मुलगी उजळ हवी."

खंड्या चोच वळवून तिच्याजवळ गेला. "आत्या, चूक होऊ नये म्हणून विचारतो. त्या मुलीला घाबरवायचंय का?"

आत्याने उल्काकडे पाहिलं आणि फोन खाली ठेवला. त्या घडीपासून तो शब्द आमच्या घरात फक्त दिव्यासाठी वापरतात.