माझ्या नावावरचं सगळं

दुपारपर्यंत मौन, हे माझं लग्नाआधीपासूनचं रोजचं व्रत. सासूबाईंना दिसत होतं तोवर त्या माझ्या हातवाऱ्यांना हसायच्या. "सून मिळाली तीही निम्म्या दिवसाची," म्हणायच्या. मग त्यांची नजर गेली आणि सकाळचं घर त्यांच्यापुरतं रिकामं झालं.

म्हणून लॅपटॉपवर प्रार्थनेचं पुस्तक वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर घातलं. ते ओपन सोर्स. कोड कुणीही उघडून बघावा, दुरुस्ती पाठवावी, आणि प्रकल्प सांभाळणाऱ्याने ती तपासून आत घ्यावी. त्याला आम्ही वापरणारे सगळे राखणदार म्हणतो. चेहरा कुणी पाहिलेला नाही.

त्या यंत्राचा आवाज सपाट होता आणि एक शब्द हमखास चुकायचा. पुस्तकातली 'जरा' म्हणजे म्हातारपण, बोलण्यातलं 'जरा' म्हणजे थोडं. लिहायला एकच, 'ज' मात्र निराळा. यंत्र दोन्हीकडे म्हातारपणच आणायचं. ऑफिसातून यांचा निरोप आला, तोही यंत्रानेच वाचला, "आई, जरा थांब, निघतोच आहे." तो ऐकून सासूबाई म्हणाल्या, "मेलं मला म्हातारीच म्हणतंय."

शेजारचे शब्द पाहून 'ज' निवडणारा नियम मी लिहून पाठवला. राखणदाराने तो लगेच आत घेतला.

मग सकाळी जपाला बसलं की पडद्यातून दुधासारखा उजेड यायचा आणि आतल्या खोलीतलं वाचन पाण्याखालून आल्यासारखं ऐकू यायचं. एकदा ते मध्येच थांबलं. सासूबाई हसल्या.

मी आत गेले.

"मोडलंस ना मौन?"

मी त्यांच्या तळहातावर दोनदा बोट टेकवलं. आमच्यात त्याचा अर्थ 'नाही'.

"अगं, आत्ताच म्हणालीस, जरा थांबा आई, आलेच. तुझा आवाज मला कळत नाही होय?"

पुस्तकात असं वाक्य नाही. यंत्रात माझा आवाज कधी भरलेला नव्हता.

मी कोड उघडला. माझ्या नियमाखाली नव्या ओळी होत्या. 'आई'च्या आधी किंचित श्वास. 'आलेच'वर उतरता सूर. पाठवणारी म्हणून माझं नाव, आणि वेळ माझ्या जपाची.

मौन सुटल्यावर राखणदाराला लिहिलं, "हे मी पाठवलेलं नाही. काढून टाका."

"ताई, रोज सकाळी तुम्हीच तर पाठवता," उत्तर आलं. "फार जिवंत काम आहे. नक्की काढू? कुठलं कुठलं?"

आज नीट आठवतं, मी घाबरले होते. "माझ्या नावावरचं सगळं," मी लिहिलं.

मग एकच शब्द आला. "काढलं."

दुसऱ्या दिवशी यंत्र पुन्हा सपाट वाचू लागलं, सगळीकडे म्हातारपण घालून. मला हायसं वाटलं. वाचन संपल्यावर लॅपटॉप मिटून कपाटात ठेवला. दुपारी मौन सोडून सासूबाईंपाशी गेले.

"आई, चला जेवायला."

त्यांनी मान दाराकडे वळवली. "सूनबाई, हे चालूच राहिलंय बघ. बंद कर गं."

"आई, मीच आहे."

"बंद कर ना."

मी त्यांच्यासमोर बसले. बोलत राहिले. "जरा ऐका" म्हणाले, तर माझ्याच तोंडून सपाट, म्हातारपणाचा 'ज' निघाला.

त्यांचा हात पुढे आला. कपाळ, गाल, हनुवटी. सवयीने, सावकाश.

गळ्याच्या खळग्यात बोट थांबलं.

बारीक टक्क झालं.

"झालं बाई बंद," त्या म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावरून दाराकडे तोंड करून त्यांनी प्रेमाने हाक मारली, "सूनबाई, ये आता. बोल काहीतरी."