भिंतीची पलीकडची बाजू

सिमेंटचा एक ओला गोळा माझ्या भिंतीवरून निसटला आणि पलीकडच्या अंगणात, नुकत्याच धुतलेल्या मोटारसायकलच्या सीटवर जाऊन बसला.

मी शिडीवरून वाकून पाहिलं. हातात फडकं घेतलेला एक तरुण आधी सीटकडे, मग वर माझ्याकडे पाहत होता. कपाळावर पाण्याचे थेंब... चिडलेला मात्र दिसत नव्हता.

"गाडीले बी प्लास्टर करून देता का तुमी?"

"थांबा, मी येऊन पुसून देते."

"राहू द्या. घाईत उतरसान अन् पडसान. मी गजेंद्र."

"दामिनी. ही भिंत माझी आहे."

"दिसून राहिलं," तो हसला, आणि मी उगाचच ओढणी सारखी केली.

तो शेजारच्या केशवरावांचा मुलगा. बार्शीटाकळीला गुरांचा डॉक्टर, रोज अकोल्याहून जाऊन-येऊन.

माझे बाबा गेल्यावर काका म्हणाले होते, "प्लॉट विकून टाका. दोन बाया घर बांधतात का कुठं?" त्यानंतरच्या आठवड्यात मी पाया खणायला लावला. लॅबमधली नोकरी सांभाळून, आईच्या साथीनं घर छतापर्यंत आणलं. आता पूर्वेची भिंत अडली होती. ती केशवरावांच्या हद्दीला लागून. बाहेरून प्लास्टर करायचं तर बांबूची परांची त्यांच्याच अंगणात उभी करावी लागणार. नाहीतर पावसाळ्यात आईच्या खोलीत पाणी झिरपणार, हे नक्की.

मी विचारायला गेले. केशवराव ओट्यावर सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"घरातल्या पुरुषाले पाठव. काकाले घेऊन ये तुह्या."

"घर माझं आहे. काकांचं काय काम?"

"मंग राहू दे भिंत तशीच."

काका यायला एका पायावर तयार होते. पण त्यांनी हात जोडून मिळवलेल्या भिंतीत मला राहायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गजेंद्रनं मला गल्लीच्या तोंडाशी गाठलं. "बाबा लग्नाले चिखलदऱ्याले चालले. दोन दिवस घरी नाहीत. मिस्त्रीले बोलवा, मी फाटक उघडून देतो."

"चोरून?"

"मदत म्हणा ना..."

"मला अशी मदत नको, डॉक्टर. माझ्या घराची एकही भिंत मी लपूनछपून बांधली नाही."

त्याचा चेहरा पडला. मलाही बरं वाटलं नाही. वळून पाहावंसं वाटत होतं, पण पाहिलं नाही.

केशवराव परत आले, त्या संध्याकाळी मी पुन्हा गेले. ओट्यावर गल्लीतली चार माणसं चहा घेत बसली होती. मी मुद्दाम त्यांच्यासमोरच बोलले.

"केशवकाका, अंगणात ताडपत्री टाकीन. सांडलेलं रोजच्या रोज उचलीन. लिंबाच्या झाडाला बारदान बांधीन. काम फक्त दिवसाउजेडी. नाही म्हणायचं असेल तर म्हणा, मी ऐकून जाईन. पण मला म्हणा. माझ्याऐवजी दुसरं कोणी येणार नाही."

कोणी कपही खाली ठेवेना. तेवढ्यात गजेंद्र दारात आला.

"बाबा, मी हो म्हनतो. आपल्या घरातला मी बी पुरुषच हावो ना?"

"नाही चालणार," मी म्हणाले. त्यानं चमकून माझ्याकडे पाहिलं. "अंगण यांचं आहे. हो म्हणायचं तर यांनीच."

केशवराव पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहत होते. मग अडकित्ता बाजूला ठेवत म्हणाले, "लिंबाची फांदी तुटली त कोणाले सांगू?"

"मला."

"तुलेच सांगीन. सोडनार नाई."

"सोडू नका."

"उद्यापासून लावा मंग बांबू," ते म्हणाले, आणि पुन्हा सुपारीकडे वळले.

परांची चढली. सरफराज मिस्त्रीनं भिंत अशी गुळगुळीत केली की हात फिरवावासा वाटे. पण ओल्या प्लास्टरला पाणी पाजावं लागतं, आणि नळी होती गजेंद्रच्या अंगणात. तो सकाळी दवाखान्यात जायच्या आधी पाणी मारायचा, संध्याकाळी आल्यावर पुन्हा. मी गच्चीवर उभी. ओल्या सिमेंटचा गारवा वर यायचा... आणि त्याचा आवाज.

"डावीकडं कोरडं राहिलं," मी सांगायची.

"खरंच राहिलं, का मले इकडून तिकडं पळवून राहिल्या?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मले वाटते, भिंत लय मोठी पायजे होती."

बांबू उतरले. मिस्त्री म्हणाला, आता पाण्याची गरज नाही. तरी दुसऱ्या दिवशी नळीचा आवाज आलाच. मी वाकून त्याच्याच बोलीत विचारलं.

"कावून पाणी मारून राहिले आता?"

पाणी त्याच्या पायांवरून वाहत होतं.

"नळी बंद केली... तर तुमी उद्या वर येसान का?"

माझे गाल तापले. "नाही येणार," मी म्हणाले. "तुम्ही पुढच्या दारानं या. सगळ्यांच्या देखत."

तो आला. तसाच, ओल्या पँटीनं. गल्लीत भाजीच्या गाडीभोवतीच्या बाया बोलायच्या थांबल्या. केशवराव फाटकात येऊन उभे राहिले. आमच्या दाराला अजून फळ्या बसल्या नव्हत्या, नुसती चौकट. तो तिच्या बाहेर थांबला. आत आई, जमिनीवर गहू निवडत.

"दामिनी, मले तुमच्याशी लग्न करायचं आहे," तो म्हणाला. आवाज थोडा कापला, पण खाली आला नाही.

"मलाही," मी म्हणाले. "पण हे घर सोडून मी येणार नाही. आईला घेऊन इथेच राहीन. लोक तुम्हाला घरजावई म्हणतील."

"म्हनू द्या."

"तुमचे बाबा?"

त्यानं मागे वळून पाहिलं. केशवराव फाटक लोटून आत गेले नाहीत, तिथेच उभे राहिले.

"त्याहिले मी सांगतो. आजच सांगतो," गजेंद्र म्हणाला, आणि पाऊल उचललं.

"थांबा," आई आतून म्हणाली. आम्ही दोघंही दचकलो. ती गव्हाचं सूप बाजूला सारत उठली, पदर खोचला. "चपला बाहेर काढा, जावईबुवा. फरशी नवी हाये."