पेलिंगच्या पबातलं टेबल

सुखदेवराव तायडेंचा भुतांवर विश्वास नव्हता, आणि कुणी विचारलं नाही तरी ते हे सांगायचे. लंडनमधल्या ईलिंगच्या त्यांच्या बैठकीच्या खोलीत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी शेजारीशेजारी. त्यांच्या खाली बसून सुखदेवरावांनी कितीतरी जणांच्या भुतांची हवा चहा संपायच्या आत काढली होती. पिंपळावरची हडळ सांगा, स्कॉटलंडच्या किल्ल्यातली गोरी बाई सांगा, ते मान हलवून म्हणायचे, ‘‘ठीक. आता खरं काय झालं ते सांगा.’’ त्यामुळे सत्याऐंशीच्या डिसेंबरातली ही गोष्ट त्यांनी स्वतः सांगितली, तेव्हा खोलीत कुणाला हसू आलं नाही.

भुसावळच्या रेल्वे वर्कशॉपमधून ते तरुणपणी इथे आले, साउथहॉलच्या एका फॅक्टरीत फिटर झाले, आणि फॅक्टरीला टाळं लागल्यावर त्यांनी भलताच धंदा धरला. बार बिलियर्ड्सची जुनी टेबलं शोधायची, ओळखायची आणि पुन्हा खेळती करायची. हा पबमधला खेळ. टेबल भिंतीला टेकवलेलं, खेळायचं एकाच टोकाकडून. कोपऱ्यांना खिसे नसतात, भोकं टेबलाच्या अंगातच; चेंडू त्यात पडला की पोटातल्या पन्हळीतून गडगडत परत आपल्या हाताशी येतो. भोकांपुढे छत्रीसारख्या लाकडी खुंट्या उभ्या असतात. पांढरी पाडली तर त्या डावाचे गुण जातात. काळी पाडली तर होतं नव्हतं सगळं जातं.

या धंद्यात माणसाचा जीव घेईल अशी एकच वस्तू, हिरव्या कापडाखालचा तळ. स्वस्त टेबलांना तो लाकडाचा असतो. चांगल्या टेबलांना स्लेटच्या दगडाची अखंड फरशी असते, आणि खालचे नट सोडताना ती निसटली तर खालचा माणूस संपला. सुखदेवरावांच्या ओळखीतल्या एका फिटरचा हात अशाच एका फरशीखाली गेला होता. म्हणून टेबल दिसलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, लाकूड की दगड? आणि खाली शिरायचं ते फक्त त्यांनीच. इथेच वाढलेली, मोडकंतोडकं मराठी बोलणारी मुलगी रश्मी कौन्सिलची नोकरी सोडून त्यांच्या हाताखाली काम शिकायला आली, तेव्हा कांताबाईंनी नवऱ्याला एकच अट घातली होती. ‘‘अहो, पोरीला टेबलाखाली घालू नका. बाकी काय हवं ते शिकवा.’’

त्या दिवशी दोघं व्हॅन घेऊन ससेक्समधल्या एका खेड्यात गेली. तिथला पब बंद झाला होता. मालक टेड पेलिंग वारले होते आणि त्यांची बायको दुसऱ्या दिवशी किल्ल्या सोपवून बहिणीकडे राहायला जाणार होती. टेबल तिने फुकट देऊ केलं होतं. अट एवढीच, की ते कुठेतरी खेळात राहावं. टेबल फुकट देणारं माणूस सुखदेवरावांना तोवर भेटलं नव्हतं, आणि रस्ताभर ते त्या न पाहिलेल्या बाईचं भलं चिंतत होते.

पबमध्ये शिळ्या बियरचा आणि ओल्या गालिच्याचा वास होता. खिडक्यांबाहेर धुकं इतकं दाट, की तीन वाजताच दिवा लावावा लागला. मागच्या खोलीत टेबल उभं होतं, जणू आत्ताच कुणी खेळून गेलंय. चेंडू जागेवर, खुंट्या जागेवर.

‘‘टेड असता तर म्हणाला असता, न खेळता त्याला हात लावू नका,’’ मिसेस पेलिंग म्हणाल्या.

सुखदेवरावांचीही तीच रीत. टेबल खोलायच्या आधी त्यावर एक डाव खेळायचा, म्हणजे त्याची दुखणी कळतात. पण डावाआधी ओळख परेड. त्यांनी कंपनीची पितळी पाटी पुसली, पायांची घडण पाहिली, नाणी टाकायच्या पेटीचं कुलूप बघितलं, भोकांचा क्रम बोटाने मोजला आणि रश्मीकडे वळून छाती फुगवली. ‘‘बघ, हे मॉडेल युद्धाच्या आधीचं. तळ लाकडाचा. या मॉडेलला कंपनीने दगड कधी घातलाच नाही.’’

मग त्यांनी डाव मांडला. चेंडू पाण्यावरून नाव जावी तसा सरळ गेला. पुन्हा मारला, पुन्हा सरळ. ‘‘वा,’’ ते म्हणाले. एवढ्या दमट खोलीत इतकी वर्षं राहिलेलं लाकूड फुगतं, वाकतं, चेंडूला फरपटवतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? चेंडू त्यांना कानीकपाळी ओरडून सांगत होता. पण पाटी वाचली होती ना. शहाण्या माणसाची चूक अशीच होते, डोळ्यांदेखत.

मिसेस पेलिंग बहिणीकडे सामान टाकायला गेल्या. दार बंद झालं आणि घर एकदम गप्प झालं. बारच्या अंधाऱ्या कोपऱ्यात कुणीतरी खेळायच्या काठीच्या, क्यूच्या, टोकाला खडू घासावा तसा बारीक आवाज आला. किर्र... किर्र...

‘‘बाबा, ऐकला का?’’

‘‘उंदीर असेल.’’

‘‘आणि हा पाइपच्या तंबाखूचा वास?’’

‘‘पब आहे, रश्मी. इथे अगरबत्तीचा वास येणार का?’’

नाण्यांची पेटी उतरवताना सुखदेवरावांच्या कमरेत लचक भरली. ते खुर्चीला धरून उभे राहिले. वाकणं शक्यच नव्हतं. रश्मीने ओव्हरऑलच्या बाह्या वर केल्या. ‘‘मी जाते खाली. लाकूडच आहे ना?’’

कांताबाईंचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढे येऊन गेला. पण पाटी होती, मॉडेल होतं, आणि पब उद्या हातचा जाणार होता. ‘‘लाकूडच आहे,’’ ते म्हणाले.

रश्मी पाठीवर सरकत टेबलाखाली गेली. टॉर्चचा उजेड भोकांतून वर आला. ‘‘बाबा, इथे दोन लोखंडी पट्ट्या आहे. एक्स्ट्रा. कुणीतरी नंतर लावल्या.’’

‘‘जुनी डागडुजी असेल. सोड त्या.’’

स्पॅनरचा कुरकुर आवाज सुरू झाला. सुखदेवराव खेळायच्या टोकाला उभे होते. त्यांच्यासमोर काळी खुंटी हळूच कलली आणि पडली.

त्यांनी ती उभी केली. हादऱ्याने पडली असेल. पण पांढऱ्या जागच्या हलल्या नव्हत्या. खालून काहीतरी सुटल्याचा ठक्क आवाज आला, आणि काळी पुन्हा पडली. सुखदेवराव म्हणजे पुरावा मागणारा माणूस. त्यांनी एक चेंडू कापडावर ठेवला. टेबल कललं असतं तर चेंडू घरंगळला असता. तो ठेवला तिथेच राहिला. मग त्यांनी खुंटी तिसऱ्यांदा उभी केली आणि तिच्यावरून बोट काढलं नाही.

बोटाखालून ती निघाली. कुणी मोठ्या माणसाने लहानाच्या हातातून वस्तू काढून घ्यावी, तशी सावकाश... आणि कापडावर आडवी झाली.

काळी पडली की होतं नव्हतं सगळं जातं.

‘‘रश्मी... बाहेर ये.’’

‘‘तुम्ही धरून ठेवा ना, बाबा. एकच नट राहिली आहे.’’

‘‘बाहेर ये म्हणतो ना.’’

त्यांनी जन्मात मुलीवर आवाज चढवला नव्हता, आत्ताही चढवला नाही. पण खाली स्पॅनर थांबला. क्षणभर काहीच नाही. मग रश्मी घाईने सरपटत बाहेर आली, न बोलता, पांढरीफटक. तिचा बूट टेबलाबाहेर आला आणि पाठोपाठ अख्खा तळ खाली गेला. फळ्या फुटल्या, खिडक्या थरथरल्या, धूळ उडाली. ती खाली बसल्यावर दिसलं, कापडात गुंडाळलेली काळपट स्लेटची फरशी, मधोमध दुभंगलेली. ज्या जागी रश्मीची छाती होती तिथल्या जमिनीत ती रुतली होती.

कमरेचं दुखणं विसरून सुखदेवराव खाली बसले, मुलीचं डोकं त्यांनी पोटाशी धरलं आणि लहान मुलासारखे रडले. ‘‘वाचलीस गं. वाचलीस माझी बाय.’’ कुणाचे आभार मानायचे ते त्यांना कळेना. पण छाती आभाराने इतकी भरली होती की श्वास घ्यायला जागा नव्हती.

मिसेस पेलिंग परत आल्या, आणि ते बघून त्यांनी आधी दोघांना खुर्च्यांवर बसवलं. चहा करता करता त्यांनी सांगितलं. दगड टेडनेच घातला होता. युद्धावरून परतल्यावर, गुपचूप, स्वतःच्या हाताने. स्वस्त टेबलात दगड घातलाय हे कळलं तर सामन्यांत बाकीचे पब तक्रार करतील, म्हणून पाटी तशीच ठेवली. हातच्या कामात पक्का, पण फरशी नीट बसली नाही याची त्याला कायम धास्ती. खाली कुणी वाकलं की धावत यायचा. ‘‘मला वाटलं, तुम्हाला ओळखता येईल,’’ त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या.

‘‘यायला हवं होतं,’’ सुखदेवराव म्हणाले. ‘‘चूक माझी. तुमचे तर आभारच.’’ त्यांनी त्यांचा हात बराच वेळ धरून ठेवला.

नवी फरशी कापायला भोकांचा नमुना हवा, म्हणून त्यांनी दोन्ही तुकडे तिघांच्या हातांनी ट्रॉलीवर चढवून व्हॅनमध्ये घातले, वर ब्लँकेट टाकलं. मिसेस पेलिंगनी दाराला कुलूप लावलं आणि त्या बहिणीच्या गाडीतून गेल्या.

धुक्यात व्हॅन हळू चालली होती. सुखदेवराव मनातल्या मनात हिशेब जुळवत होते. पट्टी ढिली झाली, फरशी थरथरली, खुंटी पडली, सरळ विज्ञान. बोटाखालून कशी पडली, तेवढंच बसत नव्हतं.

‘‘थँक्स, बाबा,’’ रश्मी रस्त्यावरून नजर न काढता म्हणाली. ‘‘पकडून ठेवलं म्हणून.’’

‘‘काय पकडलं?’’

‘‘फरशी. पहिला नट निघाली ना, तेव्हाच ती सुटली. मी आवाज ऐकला. पण खाली नाही आली. तुम्ही खालून हात लावले होते.’’

‘‘मी वर होतो, रश्मी. माझी कंबर...’’

तिने व्हॅनचा वेग आणखी कमी केला. ‘‘माझ्या बाजूला झोपला होता कुणीतरी. दोन हात वर. म्हातारे हात, बाबा, शर्टचा बाह्या वर केलेला, बोटांना निळा खडू. मला वाटलं तुम्ही. ते हात थरथरत होते. मग तो म्हणाला, ‘गो ऑन, लव्ह,’ आणि मला कळलं की हे तुम्ही नाही.’’

सुखदेवरावांनी समोरची काच बाहीने पुसली.

‘‘बाबा... मी बाहेर आले. तो नाही आला. मी तिथेच बघत होते. तो बाहेर आलाच नाही.’’

‘‘गाडी वळव,’’ सुखदेवराव म्हणाले.

पब अंधारात उभा होता. ते कमरेवर हात ठेवून मागच्या खोलीच्या खिडकीपाशी गेले. आत काही दिसत नव्हतं. विश्वास नसलेल्या माणसाने कुणाशी काय बोलावं? पण ज्याने आपलं लेकरू राखलं त्याचे आभार मानायचे, एवढं त्यांना आईने शिकवलं होतं, आणि त्यासाठी विश्वास लागतो असं तिने कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी टोपी काढली.

‘‘मिस्टर पेलिंग, थँक यू,’’ ते म्हणाले. पुढचं मराठीत आलं. ‘‘फार उपकार झाले, दादा. सोडा आता. पोरगी बाहेर आली.’’

आत कुणीतरी फार वेळ रोखलेला श्वास सोडला. आणि अंधारात, फळ्यांवर, जड दगड खाली ठेवल्याचा धप्पकन आवाज झाला. खिडकीची काच त्यांच्या कपाळाशी थरथरली.

रश्मीने व्हॅनचं मागचं दार उघडून ब्लँकेटखाली हात घालून पाहिला. फरशीचे दोन्ही तुकडे तिथेच होते.